अर्धा कोयता

शिरूर कासार तालुक्यातल्या आमच्या गावात सोयरीक जुळवायला आलेली माणसं आधी पोहे खातात, मग पोरीचं शिक्षण विचारतात, आणि उठता उठता एखादी म्हातारी खरं ते विचारते, "मोळी बांधती का?" माझं बारावीपर्यंतचं शिक्षण त्या एका प्रश्नापुढं पाण्यात गेलं. मी "व्हय" म्हणाले आणि आमच्या ह्यांचा कोयता पूर्ण झाला.

ऊसतोडीत एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, नवरा-बायको मिळून एक. उचल, म्हणजे दसऱ्याला मुकादम देतो ते आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते, टोळीही कोयत्यांवर मोजतात. पंधरा कोयत्यांच्या टोळीत माणसं तीस असतात. पोरं, शेळ्या आणि कोंबड्या मोजायच्या भानगडीत मुकादम पडत नाही. एकट्या गड्याला उचल अर्धी आणि मानही अर्धाच, म्हणून दसऱ्याच्या आत पोराच्या दोनाचे चार हात करायची घाई आमच्याकडं पोरीच्या बापापेक्षा पोराच्या आईला जास्त.

आणि इतकी सुनेची गरज असलेल्या या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं मुली निघाल्या ८०७, राज्यात सगळ्यात कमी. सून सगळ्यांना पाहिजे. ती आधी कुणाच्या तरी घरी लेक म्हणून जन्मावी लागते, एवढं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पुण्याकडची रिटायर झालेली जोडपी सहा महिने लेकाकडं अमेरिकेत जातात म्हणे. तिथं नातवंडं सांभाळतात, भांडी लावतात आणि परत आल्यावर "तिकडं फार छान असतं" म्हणून सांगतात. आमच्यात उलटं. आम्ही जोडीनं सहा महिने परमुलखात जातो आणि नातवंडं सांभाळायला म्हातारी माणसं मागं गावात राहतात. आमची अमेरिका कधी सांगली-कोल्हापूरकडं असते, कधी बेळगाव-बागलकोटला. कर्नाटकात मला कानडीतलं 'बेगा बेगा' एवढंच कळायचं, म्हणजे लवकर लवकर. बाकीची कानडी शिकायची वेळच आली नाही, कारण फडाचा मालक आमच्याशी दुसरं काही बोलतच नव्हता.

राहायला खोप. आत सरळ उभं राहायचं तर नवरा बुटका करायला पाहिजे. पलीकडच्या खोपीतलं घोरणं ऐकू येतं, मग भांडणाचं काय विचारता! आमचं एक भांडण रात्री अर्धं राहिलं, तर सकाळी फडात शेजारीण म्हणाली, "भावजींचंच चुकलं बघ, तू माघार घेऊ नको." रुसायची तर सोयच नाही. गावाकडं बाई रुसली की माहेरी जाते. इथं मी रुसले की कोयता बंद, कोयता बंद की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत जाऊन बसतात. शंभराच्या रागापायी पाचशेचा खाडा कोण लावून घेईल? मग हात चालू ठेवूनच भांडायचं. हे ऊस बुडातून तोडतात आणि बोलतात, मी पाचट सोलते, शेंड्याचं वाढं छाटते, मोळी आवळते आणि उत्तर देते. आमचं भांडण मोठं असलं की त्या दिवशी मालही जास्त निघतो. मुकादमानं हे ओळखलेलं आहे, तो कधी मधे पडत नाही.

कामाची वाटणी मात्र अगदी सारखी. पहाटे तीनला उठून भाकरी मी थापते, हे खातात. फडात दोघं. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायला दोघं. गाडी रात्री बाराला आली तरी भरायला दोघं. खोपीवर आल्यावर हे पाठ टेकतात, कारण दमलेले असतात. मी चूल पेटवते.

जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या बैठकीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाचा दर ३६६ रुपयांवर गेला. चांगला ऊस लागला तर आमची जोडी दिवसाला दीड-दोन टन काढते. मी ह्यांना विचारलं, "वाढीतलं माझं किती?" हे म्हणाले, "सतरा टक्के. अर्धाच कोयता ना तुझा!" बारावी मी झाले आहे, ह्यांची शाळा आठवीत सुटली, पण मुकादमाच्या वहीवर अंगठा नाही तर सही ह्यांचीच चालते. माझ्या हातात रोख येतात ते वाढ्याच्या पेंढ्या विकून आलेले, कारण ते कुठल्याच वहीत नसतात.

पूर्ण माणूस म्हणून माझी एकदाच मोजदाद झाली. २०२४ साली राज्यातलं गाळप १५ नोव्हेंबरला सुरू व्हायचं होतं आणि विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला. आम्ही फडात. एका उमेदवाराच्या माणसाचा फोन आला, "ताई, गाडी पाठवतो, तुम्ही किती जण?" मी सवयीनं म्हणाले, "एक कोयता." तो घाबरून म्हणाला, "कोयता नको ताई, मतं सांगा." दोन, म्हणाले. त्या दिवशी जाताना-येताना मला खिडकीची जागा मिळाली.

एका गोष्टीवर मला विनोद जमत नाही. खाडा पडू नये म्हणून आमच्यातल्या कितीतरी बाया दुखणं अंगावर काढतात, काही तर गर्भपिशवीच काढून घेतात. गर्भपिशव्या काढलेल्या बीडच्या ऊसतोड बायांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, मोजणी झाली. मुकादमाच्या वहीत आम्ही अर्ध्या असलो तरी दवाखान्याचं बिल पूर्ण येतं.

तर बायांनो, ग्रामसेवक ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र देतो. "तुमच्या मालकाचं झालंय की" असं तो म्हणेल. त्याच्या बोलण्यावर घरी परत येऊ नका. आपल्या नावाचं, आपल्या फोटोचं वेगळं कार्ड मागा, आणि दसऱ्याला मुकादम उचल घेऊन दारात आला की वहीत दोन नावं लिहिल्याशिवाय त्याला चहा देऊ नका.