लाइटवाले काका

पक्ष्यांचे फोटो काढणारा एखादा तुमच्याही ओळखीत असणारच. आमच्या वाट्याला काका आले. सहाशेची लेन्स, गुडघ्यापर्यंत चिखल आणि बारमाही तक्रार : "लाइट नाही!"

जागा अलिबागजवळची आक्षी, महिना ऑक्टोबर. परतीचा पाऊस म्हणजे उंबऱ्यातून तीनदा मागे वळणारा पाहुणा. ऊन पडलं की काका म्हणतात, "हार्श आहे." ढग आला की, "आयएसओ बोंबलला." सर आली की लेन्सवर काकूंची शॉवर कॅप. भाचीच्या लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी भटजींना पूर्वेकडे सरकायला लावलं. लाइट!

भरतीचं गणित मात्र चोख. तिथीला पाऊणने गुणायचं. पौर्णिमा म्हणजे पंधरा, भरती सव्वाअकराच्या सुमारास. म्हणजे सकाळभर पाणी चढणार आणि ओहोटीत लांब पांगलेले पक्षी आपसूक किनाऱ्याकडे येणार. त्यामुळे कोजागरीला सोसायटी गच्चीवर दूध आटवत असते तेव्हा काका नऊलाच आडवे. "चंद्राचं काय कौतुक? लाइट कुठाय त्याला?"

एका कोजागरीनंतरच्या पहाटे मीही गेलो. सँडरलिंगांचा थवा होता. लाट मागे सरली की तुरुतुरु धावत ओल्या वाळूत चोची खुपसायच्या, लाट आली की तसंच उलटं पळायचं. काका पोटावर सरपटत इंचाइंचाने पुढे. ढग फाटला, तिरपं सोनेरी ऊन पडलं, काकांकडून तक्रार नाही. इतक्यात मागून दोन पोरं आली. उडतानाचा फोटो हवा म्हणून एक जण टाळ्या पिटत थव्यात घुसला, दुसऱ्याचा कॅमेरा मशीनगनसारखा सुटला.

काका उठले आणि वाळूने माखलेल्या ढेरीसकट मध्येच उभे राहिले. "आर्क्टिकहून आलीत रे ती! दोन घास खाऊ दे की!"

"काका, बाजूला व्हा ना! असा लाइट परत मिळणार नाही!"

"मग पेट्रोमॅक्स घेऊन ये घरून!"

तोवर ऊन गेलं. काकांच्या कार्डात एकही फोटो नव्हता. हा माणूस मला आवडतो, हे लिहिताना जिवावर येतंय.

पोराच्या फोटोवर पुढे लाइकचा पाऊस पडला. खाली ओळ होती : 'निसर्गाला जराही त्रास न देता टिपलेला क्षण.' मी तो काकांना दाखवला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बराच वेळ न्याहाळला.

"हायलाइट्स जळलेत," ते तृप्त होऊन म्हणाले.