हँबुर्गचा कावळा

“शिजवायचं राहिलं का रे?” पाव उघडून आतल्या हेरिंगकडे बघत आईने विचारलं.

राहिलं नव्हतं, शिजवतच नाहीत. मात्येस म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेला कोवळा हेरिंग. त्यावर कच्चा कांदा टाकला की झालं फिशब्रोटशन, म्हणजे इथला वडापाव. मी घाईघाईने दुसरा सुचवला, व्हिनेगरमध्ये मुरवलेला बिस्मार्क हेरिंग. “जर्मनीच्या पहिल्या चॅन्सेलरचं नाव आहे त्याला.”

“मोठ्या माणसाचं नाव दिलं की मासा शिजतो?”

आई अलिबागची. तिच्याशी माशावरून वाद घालू नये. शेवटी तिला बाकफिश, म्हणजे पिठात बुडवून तळलेला मासा घेतला. “मीठ बरं आहे,” ती म्हणाली. तिच्याकडून ही जवळजवळ ओवाळणीच.

लांडुंग्सब्रुकनच्या धक्क्यावर आम्ही पाय पसरून बसलो. एकदा ६२ नंबरच्या फेरीने फिंकेनवेर्डरला जाऊन आलो होतो. त्या बोटीला शहराच्या बस-रेल्वेचंच तिकीट चालतं, याचं आईला एल्बे नदीपेक्षा जास्त कौतुक. मग ती एकदम म्हणाली, “ओहोटी लागलीय.”

“आई, ही नदी आहे. समुद्र शंभर किलोमीटर लांब आहे.”

“सकाळी तो पूल एवढा उतरता नव्हता. माझ्या गुडघ्यांना विचार.”

गुडघे बरोबर होते. इथे भरती-ओहोटीत पाणी साडेतीन मीटरहून जास्त वरखाली होतं. धक्का तरंगता, त्यामुळे ओहोटीला तो खाली जातो आणि काठावरून येणारे पूल घसरगुंडीसारखे कलतात. सहा वर्षं मी त्याच पुलांवरून धापा टाकत चढतोय आणि दोष वजनाला देतोय.

ही चूक पचवायला मी मात्येस तोंडाशी नेला. मांडव्याच्या लाँचवर सीगलांना आपण गाठ्या फेकतो, ते हवेत झेलतात, आपण टाळ्या वाजवतो. इथल्या सीगलांना फेकाफेकीचा धीर नाही. पांढरं काहीतरी कानाजवळून फडफडलं आणि माझ्या हातात पाव, कांदा आणि हेरिंगची आठवण उरली.

आईने पदराने तोंड दाबलं, पण हसू आवरेना. “तुझ्या बाबांच्या वेळी कावळा शिवायला दीड तास लागला. मासे खायचं सोडतो म्हणून तू शपथ घ्यायला निघाला होतास, तेव्हा कुठे आला. इथले बघ किती तत्पर!”

दुसरा मात्येस आणला. आईने न सांगता छत्री उघडून माझ्या डोक्यावर धरली. आकाश निरभ्र होतं. बाजूचे जर्मन आजोबा आधी आकाशाकडे आणि मग आमच्याकडे बघत राहिले.

“खा आता,” आई म्हणाली, “आणि एक तुकडा मला दे. कच्चा तर कच्चा.”