माळ्यावरचा हंडा

आमच्याकडे सासूबाईंच्या लग्नातला एक पितळी हंडा आहे. दोन कळशा पाणी सहज पोटात घेईल एवढा. पुढे नळ आला, टाकी आली आणि हंड्याला माळ्यावर बढती मिळाली. तिथे तो वीसेक वर्षं सुखात होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये डहाणू-तलासरीची जमीन थरथरायला लागली, तेव्हा त्याची झोप मोडली.

धक्क्यांचा खरा जोर आमच्यापासून लांब, पूर्वेला धुंदलवाडीच्या बाजूला. तिकडच्या माणसांनी थंडीतल्या रात्री तंबूत काढल्या, पोरांची शाळाही तंबूत भरली. आम्ही नरपडकर समुद्राच्या कडेचे, आमच्या वाट्याला त्यातला चतकोर यायचा. पण त्या चतकोरानेही माळ्यावरचा हंडा असा खणखणायचा की घरात वेगळं भूकंपमापक यंत्र ठेवायला नको. १ फेब्रुवारी २०१९ ला तर एका दिवसात धक्क्यामागून धक्के बसले. संध्याकाळी हे म्हणाले, "तो हंडा आधी खाली घे. भूकंपाने गेलो तर लोक हळहळतील, आईच्या हंड्याने गेलो तर हसतील."

मी स्टुलावर चढून हंडा खाली घेतला. घेताना पाठीत कळ आली. उसण भरली म्हटलं, खोबरेल तेल चोळलं, गरम पिशवीने शेकलं, महिनाभर कण्हले आणि विसरले. हंडा मधल्या बोळात भिंतीला टेकून बसला. पुढे वर्षं गेली, धक्के विरळ झाले. येणारा जाणारा विचारायचा, "हा इथे का?" "भूकंपासाठी," म्हटलं की समोरचा आधी हंड्याकडे बघायचा, मग माझ्याकडे.

हे सगळं आठवायचं कारण गेल्या वर्षी वन्सं न्हाणीघरात पडल्या. पडल्या म्हणजे काय, पाय घसरला आणि बसल्या. तेवढ्याने खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, मग वॉकर आला. पूर्वी चिकूच्या हंगामात उभ्या वाडीला कामाला लावणाऱ्या वन्सं आता पलंगावरून फक्त घराला लावतात. त्यांना बघून आलो आणि आमच्या डॉक्टरांनी माझ्याकडे नजर वळवली. "बाई, तुमची उंची किती?"

"पाच फूट दोन इंच."

मोजली तर पाच फूट अर्धा इंच भरली. मोजपट्टी जुनी असेल, असं मी म्हणून पाहिलं. पण मनात एकदम लख्ख झालं, की दोनतीन वर्षं साड्या लांब का वाटत होत्या. मी दुकानदाराला दोष देत होते.

तपासणीला मुंबईला जावं लागलं. २०१३ साली डहाणू-चर्चगेट लोकल सुरू झाली तेव्हापासून मुंबई आम्हाला जवळ आली आणि मुंबईच्या तपासण्याही. डेक्सा नावाच्या यंत्रावर निजायचं, वरून एक दांडा सरकत जातो, दुखत नाही, खुपत नाही. पंधराएक मिनिटांत काम झालं. आदल्या रात्रीपासून मी देवाचं नाव घेत होते, ते वाया गेल्यासारखं वाटलं.

रिपोर्ट आला: मणका उणे २.८, खुबा उणे २.२.

मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. शून्याच्या डावीकडे गेलं की संख्या उणे होतात, हे फळ्यावर आडवी रेघ ओढून हजार पोरांना सांगितलं. त्या रेघेवर डावीकडे एक दिवस मीच उभी असेन असं वाटलं नव्हतं. शिवाय हा आकडा काढताना माझी तुलना माझ्या वयाच्या बायकांशी केलेलीच नाही. केली आहे ती विशीतल्या धडधाकट तरुणीशी. ही पोरगी कोण, कुठली, काही माहीत नाही, पण तिच्या हाडांपुढे माझी हाडं किती उणी ते ठरलं. लग्नानंतर सासूबाई असंच थोरल्या जावेशी माप लावायच्या. निदान ती जाऊ डोळ्यांसमोर तरी होती.

उणे अडीच किंवा त्याखाली गेलं की हाडं ठिसूळ झाली म्हणायचं, ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ओढली. उणे एक ते उणे अडीच म्हणजे उंबरठ्यावर. माझा खुबा उंबरठ्यावर आणि मणका घरात. उणे २.४ आणि उणे २.५ यांत असा काय फरक, असं मी तावातावाने म्हटलं. मग आठवलं, चौतीस मार्कांना नापास आणि पस्तिसाला पास मीच करत होते. तेव्हा पोरांनी हाच प्रश्न विचारला होता आणि मी म्हटलं होतं, "कुठेतरी रेघ ओढावी लागते बाळा."

डॉक्टरांनी पाठीचा एक्स-रे काढायला लावला. त्यात एक मणका पुढच्या बाजूने दबलेला निघाला, उशी दाबून बसावं तसा. "पाठ कधी दुखली होती का जोरात?" मी हंड्याचं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "तेव्हाच झालं असं नक्की सांगता येणार नाही. पण उसण म्हणून मणका दबलेला अंगावर काढणाऱ्या बऱ्याच जणी असतात." मला आई आठवली. शेवटची दहा वर्षं ती जमिनीकडे बघत चालायची. म्हातारपणाने वाकली असं आम्ही म्हणत होतो. एकेक मणका दबत गेला असेल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तिने कधी तक्रार केली नाही, त्यामुळे आम्ही कधी विचारलं नाही.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, ॲलेन्ड्रोनेट. आठवड्यातून एकदाच. आणि वर म्हणाले, "मी सांगतोय घ्या. पण घरी जाऊन विचार करा."

विचार करायला सांगितलं की आपल्याकडे आधी दुसऱ्यांचा विचार ऐकावा लागतो. वन्सं फोनवर म्हणाल्या, "मला आधी कोणी सांगितलं असतं तर गोळी काय, मी डबा चघळला असता. पण उपासाला चालते का?" शेजारच्या काकी म्हणाल्या, नाचणी खा. मासळी विकायला येणारी मावशी म्हणाली, "सुका जवला खा गं बाय, आमच्यातली कोण वाकली का?" मावशी सत्तरीची, डोक्यावर पाटी घेऊन ताठ चालते, त्यामुळे तिच्याशी वाद घालता येईना. खोटं कोणीच बोलत नव्हतं. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं, काट्यासकट खाल्लेल्या बारीक मासळीतही असतं, आणि जन्मभर ओझं वाहिलेली हाडं मजबूत राहतात. पण विटा आणून टाकल्या म्हणजे पडकी भिंत आपोआप उभी राहत नाही.

कारण हाड म्हणजे जुनं घर असतं आणि त्यात कायमचे गवंडी राहतात. एक टोळी जुनं खणून काढते, दुसरी नवं भरते. तरुणपणी दोघींचा ताळमेळ असतो. पाळी गेली की खणणारी टोळी जोरात सुटते आणि भरणारी मागे पडते. ही गोळी खणणाऱ्या टोळीला आवरते. या औषधांची भावंडं मूळची कारखान्यातली, पाण्यातले क्षार नळीत साचू नयेत म्हणून वापरली जाणारी. १९६० च्या दशकात हर्बर्ट फ्लाइश या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की त्यांचा हाडांवरही परिणाम होतो. हे मी मोठ्याने वाचलं. आमच्या बोअरच्या पाण्याने दर दोन वर्षांनी गिझर पांढरा होऊन मरतो. हे म्हणाले, "तुझं झालं की उरलेली गोळी गिझरमध्ये टाक."

मी वही काढली. गणिताच्या बाईला दुसरं काय सुचणार? १९९६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे आकडे प्रसिद्ध झाले. बायका दोन हजारांवर, सगळ्या माझ्याच वर्गातल्या, म्हणजे एक तरी मणका आधीच दबलेल्या. तीन वर्षांत, नुसती खोटी गोळी घेणाऱ्या शंभरातल्या १५ जणींचा आणखी मणका दबला, खरी घेणाऱ्यांपैकी ८ जणींचा. खुब्याचं हाड खोट्या गोळीवाल्या शंभरात दोघींचं मोडलं, खऱ्या गोळीवाल्यांत एकीचं. आता हेच 'धोका निम्मा झाला' म्हटलं की उठून गोळी घ्यावीशी वाटते. आणि 'शंभरातल्या ८५ जणींचा खोट्या गोळीवरही आणखी मणका दबला नाही' म्हटलं की पांघरूण ओढून झोपावंसं वाटतं. आकडे तेच. गणित कधी फसवत नाही, असं मी वर्गात सांगायचे. ते खरं आहे, पण गणित कुठून वाचायला सुरुवात करायची हे माणूस ठरवतो.

मग दुसऱ्या पानावर भीती लिहिली. गोळी अन्ननलिकेत अडकली तर जळजळ, व्रण. क्वचित जबड्याचं हाड नासतं, म्हणून आधी दात दाखवून यायचे. त्याच संध्याकाळी समुद्रावर फिरायला गेले, तर आडव्या बांबूंवर बोंबील वाळत होते, जोडीजोडीने, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून. मला आयुष्यात पहिल्यांदा बोंबील बघून तोंडाला पाणी सुटलं नाही. आणखी एक भीती म्हणजे, फार वर्षं घेतली तर क्वचित मांडीचंच हाड मधोमध मोडतं. खणणारी टोळी फारच गप्प बसली तर जुन्या बारीक भेगा बुजवायला कोणी उरत नाही. २०२० साली कॅलिफोर्नियातल्या बायकांची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्या हिशेबाने, आशियाई वंशाच्या दहा हजार जणींनी तीन वर्षं ही औषधं घेतली तर खुब्याचे ९१ फ्रॅक्चर टळतात आणि मांडीचे असे ८ होतात. गोऱ्या बायकांत टळणारे १४९ आणि होणारे २. म्हणजे आपल्याला औषधाचा फायदा कमी आणि त्रास जास्त, तरी बाकी जमेचीच. म्हणूनच पाचेक वर्षांनी थांबून पुन्हा हिशेब मांडायचा, सुट्टी द्यायची का ते ठरवायचं, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. सहा महिन्यांनी घ्यायचं एक इंजेक्शनही आहे, पण ते मध्येच सोडलं तर मणके भराभर दबायची भीती. आमच्या घरात पेपरवाल्याचं बिलही वेळेवर जात नाही, म्हणून ते नको म्हटलं.

आठवडा गेला. दोन्ही पानं भरली आणि मी जिथली तिथे. कारण मला जे विचारायचं होतं ते कुठल्याच पानावर नव्हतं. माझं हाड मोडणार की नाही? त्या दहा हजारांत मी कितवी?

रात्री पाणी प्यायला उठले, बोळात हंडा दिसला. आणि वाटलं, भूकंपाच्या वेळी आपण हा प्रश्न विचारला नव्हता. हैदराबाद-दिल्लीचे शास्त्रज्ञ यंत्रं लावून बसले होते, त्यांनाही उद्या धक्का बसेल का हे सांगता येत नव्हतं. आम्ही त्यांच्या उत्तरासाठी थांबलो नाही. जमिनीचं काय होणार ते जमिनीला ठाऊक, पण माळ्यावर काय ठेवलंय ते मला ठाऊक होतं. मी हंडा खाली घेतला. त्या भूकंपाने आमचं काही पडलं नाही. हंडा वर असता तरी कदाचित पडला नसता. आणि खाली घेताना माझा मणका दबला असेल, तर सावधगिरीचीही किंमत मोजून झाली. तरी आज पुन्हा तशीच जमीन हलली तर मी काय करीन? हंडा खालीच घेईन. फक्त स्टुलावर मी चढणार नाही, मुलाला चढवीन.

एवढं ठरलं आणि झोप लागली.

रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व कमी निघालं. वर्षातले आठ महिने ऊन अंगावर घेणाऱ्या नरपडात राहून! पण ऊन दिसलं की डोक्यावर पदर घेऊन सावलीत पळणारी मीच. ते आधी भरून काढलं, दात दाखवले, मग गोळी सुरू केली. डॉक्टरांनी घरातले अडथळे काढायला सांगितले. पायपुसणी गेली, न्हाणीघरात धरायला दांडा आला, आणि अडथळ्यांच्या यादीत पहिला नंबर लागला तो हंड्याचा. मुलाने तो उचलून ओटीवर नेला.

आता सोमवारी पहाटे उठायचं, अनशापोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी गिळायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही, चहासुद्धा नाही. या औषधाचा सगळ्यात मोठा त्रास कोणता, असं मला विचारलं तर मी हाच सांगेन. बेचाळीस वर्षांच्या संसारात सकाळचा अर्धा तास मी कधी नुसती बसले नव्हते. पहिल्या सोमवारी ओटीवर हंड्याशेजारी ताठ बसून घड्याळाकडे बघत राहिले. दुसऱ्या सोमवारी सुरूच्या झाडांपर्यंत जाऊन आले. आता वाळूपर्यंत जाते. चालणं हाडांना बरंच असतं, तेव्हा गोळीचा गुण कुठला आणि चालण्याचा कुठला, हा हिशेब मी मांडत नाही.

परवा परत येताना मासळीवाली मावशी भेटली. पाटी सावरत म्हणाली, "बाई, त्या गोळीने काय फरक पडला?"

"मी पडले नाही," म्हटलं, "एवढाच फरक पडला."

ती म्हणाली, "मीपण नाही पडले."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पापलेट घेतलं आणि घरी आले. ओटीवर हे हंड्यावर हात ठेवून उभे होते, घड्याळ बघत. पस्तीस मिनिटं झाली होती. चहा माझ्यासाठी थांबला होता, की त्यांच्यासाठी, ते मी विचारलं नाही.