मुद्देमालाचं दर्शन

बँकेत पस्तीस वर्षं ऑडिट केलेला माणूस देवळात गेला तरी आधी दानपेटीचं कुलूप बघतो. त्यामुळे दक्षिण फ्रान्सच्या डोंगरातल्या कोंक गावात पहिल्या तासातच मला घाम फुटला. गावाचं सगळं वैभव चोरीच्या मालावर उभं आहे आणि कुणी ते लपवतसुद्धा नाही!

नवव्या शतकात इथल्या मठाकडे नाव घेण्याजोगा संत नव्हता. संत नाही म्हणून यात्रेकरू नाहीत, म्हणून उत्पन्न नाही. तिकडे आजां गावात सांत फ्वा या संतिणीच्या अस्थी होत्या. 303 साली धर्मापायी जीव गमावलेली ही कोवळी पोर. कोंकचा एक साधू आजांच्या मठात जाऊन राहिला, कथेप्रमाणे चांगली दहा वर्षं. थडग्याची राखण त्याच्याकडे आली आणि 866च्या सुमारास गडी अस्थी घेऊन पसार! वर्षानुवर्षं रजा न घेणारा कॅशियर दिसला की आम्ही आधी त्याचीच वही मागवायचो, ते उगाच नाही. धर्मशास्त्राच्या भाषेत मात्र या प्रकाराला ‘गुपचूप स्थलांतर’ म्हणतात.

मग गावाचं नशीब फळफळलं. ल पुईहून स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी पायी वारी इथूनच जाते. आजही वारकरी काठ्या टेकत, पाठीवर बिऱ्हाड घेऊन, दगडी खवल्यांच्या छपरांखालून गुडघे मोजत चालतात.

आमचे गुडघे बेकरीपाशी थांबले. मी ‘बागेत’ पाव मागितला. “कुठल्या बागेत?” ही म्हणाली. बेकरीवाल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पण मी त्यांना दिसलो नाही. मागून एक आजोबा आले, “बोंजूर मादाम” म्हणाले आणि पाव घेऊन गेलेसुद्धा. या देशात बोंजूर न म्हणणारा माणूस पारदर्शक असतो. हे कळून मी तोंड उघडेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली आणि दार बंद. शेवटी खाणावळीत आलिगो खाल्लं. बटाटा आणि चीज घोटघोटून केलेलं ते प्रकरण वाढप्याने हातभर ताणून दाखवलं. ताटात पडलं तरी तार तुटेना.

चर्चच्या दारावर बाराव्या शतकातला अंतिम निवाडा कोरलाय, 124 आकृत्यांचा. स्वर्गात सगळे रांगेत, कंटाळलेले. खरी वर्दळ नरकात. तिथे चोरट्या शिकाऱ्याला चक्क ससा भाजतोय! खोटी नाणी पाडणाराही सापडला. अस्थी पळवणारा साधू मात्र मला अख्ख्या नरकात दिसला नाही. स्वर्गाच्या बाजूला शार्लमेन बादशहाला मठाधिपती हाताला धरून आत नेतोय, मोठ्या ठेवीदाराला मॅनेजर केबिनपर्यंत नेतो तसा.

चर्चच्या खजिन्यात सांत फ्वाची मूर्ती सिंहासनावर बसलीय, उंची 85 सेंटिमीटर, अंगभर सोनं आणि रत्नं. फ्रेंच राज्यक्रांतीत सरकारची नजर या सोन्यावर गेली, तेव्हा गावकऱ्यांनी ते घराघरांत दडवलं आणि धामधूम सरल्यावर परत आणून दिलं. मुद्देमालाच्या बाबतीत एवढी सचोटी मी आमच्या कुठल्याही शाखेत पाहिली नव्हती.

जुन्या कथा सांगतात, संतिणीला दागिन्यांचा फार सोस. बायकांच्या स्वप्नात येऊन अंगठ्या, कंकणं मागायची. हे मी हिला वाचून दाखवलं. बघतो तर हिने स्वेटरच्या बाह्या मनगटाखाली ओढलेल्या.

“अगं, थंडी वाजतेय का?”

“अहो, हळू बोला. तिने पाटल्या बघितल्या तर रात्री मी काय सांगू?”