संघर्ष खरेदी केंद्र

नंदुरबारचं नाव मिरचीसाठी घेतलं जातं. ओली मिरची इथल्या पथारीवर वाळते, ट्रकात बसून परमुलखात जाते आणि चकचकीत पाकिटात शिरून वाढीव भावानं याच जिल्ह्यातल्या किराणा दुकानात परत येते. अलीकडे आणखी एक माल याच वाटेनं जा-ये करतो. तो म्हणजे हालअपेष्टा. इथं त्या बिनखताच्या पिकतात, पुण्यात त्यांच्यावर प्रक्रिया होते आणि प्रवासखर्च, मानधन, शाल-श्रीफळ अशा किमतीत ‘प्रेरणादायी व्याख्यान’ म्हणून त्या परत येतात. शहादा तालुक्यातल्या कळसाडीनं असं व्याख्यान अजून ठेवलं नसेल, तर ताबडतोब ठेवावं अशी माझी ग्रामस्थांना नम्र सूचना आहे.

विषय तयारच आहे. डॉ. राजेंद्र भारुड. साक्री तालुक्यातलं सामोडे गाव, भिल्ल कुटुंब, जन्माआधीच वडील गेलेले. उसाच्या पाचटाचं झोपडं. आई मोहाची दारू विकून घर चालवायची. पिणाऱ्यांना पोरानं चणे-फुटाणे आणून दिले की ते त्याच्या हातावर चार पैसे ठेवत, त्यातून पुस्तकं येत. इथवर पोचायला वक्ता पाऊण तास घेतो. झोपड्यात दोनदा पाऊस शिरतो, चिमणी तीनदा विझते, माईकवाल्याचेही डोळे पाणावतात. मग वक्ता घोटभर पाणी पितो आणि पुढच्या दोन वाक्यांत पोराला थेट कलेक्टरच्या खुर्चीत बसवतो.

त्या घोटभर पाण्यात जे वाहून जातं, ते असं : अक्कलकुव्याचं जवाहर नवोदय विद्यालय, जिथं राहणं, जेवण, पुस्तकं सगळं सरकारी. पोरगं हुशार आहे हे ओळखणारे आणि आईला तसं समजावणारे शिक्षक. मुंबईचं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज. पण वसतिगृहाच्या खानावळीनं कुणाच्या अंगावर काटा येतो? नवोदयच्या एका शाळेत सहावीला फार तर ८० मुलं घेतात. हा आकडा व्याख्यानात आला, तर ऐकणारा बाप उठून विचारेल की जागा ८०च का. शिवाय २०२३च्या यूपीएससी परीक्षेला १०,१६,८५० जणांनी अर्ज केले आणि शिफारस झाली १,०१६ जणांची. हजारात एक. उरलेले ९९९ जिद्दीत कमी पडले, असा निकाल वक्ता आयोगाला न विचारता लावून टाकतो.

भारुड स्वतः एक किस्सा सांगतात. ते आयएएस झाल्याचं कळल्यावर गावातल्या एकानं त्यांचं ‘कंडक्टर’ झाल्याबद्दल अभिनंदन केलं. लोक याला हसतात. मला त्या माणसाचा हिशेब पटतो. कंडक्टर दिसतो, त्याच्यासोबत एसटी येते. कलेक्टरसोबत काय येतं, याचा अनुभव त्या बिचाऱ्याला कुठून असणार?

तो अनुभव जिल्ह्याला पुढं आला, पण तो फारच रुक्ष निघाला. भारुड नंदुरबारचे जिल्हाधिकारी असताना कोरोनाची पहिली लाट ओसरू लागली होती आणि बाकी सगळे हुश्श करत होते. यांनी अमेरिका-ब्राझीलचे आकडे पाहिले, स्वतः डॉक्टर असल्यामुळं ते त्यांना कळले, आणि सप्टेंबर २०२०मध्ये प्राणवायूचा पहिला प्रकल्प उभा केला. २०२१च्या सुरुवातीला त्यात आणखी भर पडली. एप्रिलमध्ये महाराष्ट्र सिलिंडरसाठी वणवण करत असताना नंदुरबारच्या खाटांना नळीतून प्राणवायू मिळत होता. आता यात वक्त्यानं रडायचं कुठं? निविदा, जोडणी, लिटर! ज्या माणसाच्या झोपड्यावर पाऊण तास जातो, त्यानं आयुष्यात केलेल्या सर्वांत उपयोगी कामाला अर्धा मिनिटही मिळत नाही.

बाकी, आमच्या शहादा तालुक्यातून प्रेरणा उचलून नेण्याची रीत जुनीच आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग टेंभलीला आले, देशातले पहिले आधार क्रमांक इथल्या माणसांना दिले आणि गेले. प्रत्येकी बारा आकडे, अगदी मोफत.

अंबरसिंग महाराजांची गोष्ट मात्र कुणी नेत नाही. अंबरसिंग सुरतवंती, याच भागातले भिल्ल कार्यकर्ते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते आणि श्रमिक संघटना शहाद्यात सावकार-बागायतदारांच्या घशात गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत मागत उभे राहिले. बायकांनी दारूचे गुत्ते फोडले. पुढं १९७४मध्ये जमिनी परत करण्याचा कायदा झाला. संकट आहे, मात आहे, सगळं आहे. अडचण एवढीच की या गोष्टीत नायक हजारोंनी आहेत आणि एकाही नायकाला रँक नाही. पोस्टरवर फोटो कुणाचा छापणार? आणि ही गोष्ट ऐकून एखाद्यानं खरोखरच प्रेरणा घेतली तर? व्याख्यानाच्या मंडपाचा खर्च कोण देतं आणि पहिल्या रांगेत कोण बसतं, हे वक्त्याला चांगलं ठाऊक असतं.

तेव्हा कळसाडीत भारुडांचं झोपडंच ठेवावं. फक्त तारीख जपून काढा. व्याख्यानांचा हंगाम दिवाळीनंतर भरात येतो आणि नेमकी तेव्हाच सातपुड्याकडची बिऱ्हाडं कोयते बांधून ऊसतोडीला गुजरातकडं निघतात, पोरांसकट. प्रेरणेची ज्यांना टंचाई आहे असं आपण समजतो, ते गावात नसतातच. मग खुर्च्या भरायला निवृत्त गुरुजी, आजी-माजी सरपंच आणि ज्यांची पोरं आधीच कोट्याला क्लास लावून बसलीत, अशी मंडळी लागतात. तीही फार मनापासून प्रेरित होतात. ‘बघा, यांनी ठरवलं तर होतं,’ असं त्यांनी म्हटलं की पुढल्या वर्षीचं मानधन पक्कं.

एखादं बिऱ्हाड मात्र मागं राहून मंडपाशी टेकलेलं असू शकतं. समजा, अशा एका आबांनी प्रश्नोत्तरांत हात वर केला आणि विचारलं, “सायेब, पोऱ्याले होस्टेलमा टाकनं शे. फारम कोठे भेटी?”

वक्ता माईक तोंडाशी नेईल, डोळे मिटेल आणि म्हणेल, “आबा, तो फॉर्म तुमच्या मनात आहे!”

टाळ्या पडतील. आबा अंगरख्याचे दोन्ही खिसे चाचपून पाहतील आणि शेजारच्याला विचारतील, “त्याले फोटो कितला लागतीन?”