मूळ संचवाले अण्णा

सोनारीच्या काळभैरवनाथाच्या देवळापुढं दोघांपासून जपून राहावं लागतं. एक म्हणजे नारळावर डोळा ठेवून बसलेली माकडं आणि दुसरे पेढ्याच्या दुकानाच्या फळीवर बसलेले अण्णा. माकडांचं काम नारळावर भागतं. अण्णा 'कट्यार काळजात घुसली'चा विषय काढतात, आणि परांड्याची गाडी निघून गेली तरी माणसाला सोडत नाहीत.

असे अण्णा एकट्या सोनारीत आहेत असं कुणी समजू नये. बार्शीत ते वकीलसाहेब असतात, सोलापुरात बँकेतून निवृत्त झालेले, आणि पुण्यात तर गल्लीगणिक एक. खूण एकच. त्यांना नाटक नुसतं बघवत नाही, आधीच्या प्रयोगाशी ताडून बघावं लागतं. "मूळ संचात बघितलंय का?" हा त्यांचा रामराम.

मूळ संच अण्णांना मारुतीस्तोत्रासारखा पाठ आहे. 24 डिसेंबर 1967, प्रभाकर पणशीकरांची नाट्यसंपदा, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, जितेंद्र अभिषेकींचं संगीत. खाँसाहेब वसंतराव देशपांडे, पंडितजी भार्गवराम आचरेकर, सदाशिव प्रसाद सावकार, झरीना फैयाज. फैयाजपाशी आले की अण्णा थांबतात. "आपल्या सोलापूरच्या!" एरवी सोलापूरचं नाव निघालं की ते आपला जिल्हा वेगळा असल्याची आठवण करून देतात. फैयाजपुरता मात्र जिल्हा एकच.

त्यांच्या मोबाईलमध्ये खाँसाहेबांची रागमाला तीन गळ्यांतली आहे, आणि गिऱ्हाईक सापडलं की तिन्ही ओळीनं लागतात. लागतात म्हणजे सुरू होतात. गाणं समेवर यायच्या आत अण्णांचं बोट पडतं. "थांबा! आता ही जागा बघा." मग तीच जागा दुसऱ्या गळ्यात, मग तिसऱ्या, मग पुन्हा पहिल्या. पेढेवाला एव्हाना पेढ्याचं खोकं एका हातात आणि दोरा दुसऱ्या हातात धरून समेची वाट बघत उभा असतो. माकडं हाकलायची काठी भिंतीला टेकलेली. ती सम अजून कुणी ऐकलेली नाही. एकदा तिच्या नादात गिऱ्हाइकाची हारा-नारळासकट पिशवी गेली. अण्णांचं म्हणणं, गेली तर गेली, पण तान कशी सुटली ते बघा.

वसंतरावांचा प्रयोग अण्णांनी स्वतः पाहिलेला आहे. कुठं, हे समोरच्यावर ठरतं. ऐकणारा बार्शीचा असला तर प्रयोग सोलापूरला झालेला असतो, सोलापूरचा निघाला तर पुण्याला. पुण्याचा कुणी दर्शनाला आलाच तर अण्णा वसंतरावांवरून अभिषेकींच्या चालींवर येतात.

खरी गंमत वेगळीच आहे. वसंतराव लष्करी हिशेब खात्यात वर्षानुवर्षं नोकरी केलेले गृहस्थ, पण गाताना कालच्या प्रयोगाचा हिशेब त्यांनी आज ठेवला नाही. तीच बंदिश, पण उपज त्या रात्रीची. तेव्हा मूळ म्हणजे कुठल्या रात्रीचं, हे विचारायला हवं. विचारून बघा. अण्णा चष्मा पुसायला लागतात.

हा आजार जुनाच. भाऊराव कोल्हटकर 1901 साली गेले आणि 1905 साली बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले. तेव्हा 'आमचे भाऊराव' म्हणून उसासे टाकणारी मंडळी होतीच. पुढं त्यांच्याच नातवंडांनी बालगंधर्वांच्या नावानं उसासे टाकले. 8 जुलै 1921 ला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त 'मानापमान' झालं. बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर, एकाच रंगमंचावर. ताडून बघणाऱ्यांची याहून मोठी दिवाळी झाली नसेल. ऑक्टोबरात केशवराव गेले, पण कोण वरचढ ठरलं हा वाद अजून चालूच आहे. आणि 'कट्यार'मध्ये तरी दुसरं काय आहे? राजगायकाच्या जागेसाठी दोन घराण्यांची चढाओढ! अण्णा नाटक बघत नाहीत, परीक्षक म्हणून त्यात बसतात.

2010 साली 'कट्यार' नव्यानं उभं राहिलं. सुबोध भावेंचं दिग्दर्शन, खाँसाहेब राहुल देशपांडे, सदाशिव महेश काळे. अण्णांनी निकाल दिला, "पोरगं बरं आहे. पण आजा तो आजा." आजोबा गेले तेव्हा या नातवाला चार वर्षंही पुरी झाली नव्हती, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

मग नोव्हेंबर 2015 मध्ये सिनेमा आला. खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगावकरांचा आणि गळा राहुल देशपांड्यांचा. सदाशिव दिसायला सुबोध भावे, गायला महेश काळे. पंडितजी शंकर महादेवन. अण्णा आठ दिवस जेवले नाहीत म्हणे. निदान घरी तरी नाहीत. "तोंड एकाचं, गळा दुसऱ्याचा! राहुलचं नाटक बघितलंय का? समोर उभं राहून गायचा गडी." कालपर्यंत 'बरं पोरगं' असलेल्या माणसाला अशी एका रात्रीत बढती मिळाली. त्याच सिनेमातल्या गाण्यासाठी महेश काळ्यांना राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, त्या दिवशी अण्णा फळीवर दिसले नाहीत.

2017 च्या एप्रिलात 97 वं नाट्यसंमेलन आपल्याच जिल्ह्यात, उस्मानाबादला भरलं. अण्णा तळपत्या उन्हात गेले आणि संमेलनं पूर्वीची, असं सांगत परत आले.

अलीकडे शाळेच्या गॅदरिंगमध्ये एका पोरीनं कराओकेवर सिनेमातलं गाणं म्हटलं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी फळीवर निकाल आला. "सूर आहे पोरीला. पण शंकर महादेवन तो शंकर महादेवन. तो पिक्चर मोठ्या पडद्यावर बघायला पाहिजे होता. काय गायलेत एकेक!"

"अण्णा, तवा तुम्ही त्या पिक्चरला शिव्या घालत होता की," पेढेवाला म्हणाला.

"तुला त्यातलं काय कळतंय? पेढा दे."

पेढेवाल्यानं दिला. अण्णांनी तो तोंडात टाकला, डोळे मिटले, जरा घोळवला.

"बरा आहे," ते म्हणाले. "पण तुझ्या वडलांच्या हातचा..."