दमा नाही हो, थोडं व्हीझिंग

डॉक्टरांनी "काय होतंय?" एवढंच विचारायचा अवकाश, मराठी पेशंट आवाजासकट सांगू लागतो. "रात्री छातीत सूं सूं वाजतं, पहाटे ढास लागते, आणि एकदा बेडका पडला की मोकळं वाटतं." पडद्यापलीकडे बसलेल्यांना हे सगळं ऐकू जातंय, याचं त्याला काही नाही. बेडक्याचा रंगही तो न विचारता सांगतो.

खोकण्याच्या बाबतीत आपल्या भाषेने कधी हात आखडता घेतलेला नाही. फोडणीतल्या मिरचीने लागतो तो ठसका. तो पाहुण्याला लागला तरी घरच्यांना त्याचं फारसं वाईट वाटत नाही. उबळ मुहूर्त बघून येते. गवयाने षड्ज लावला, सभागृह स्तब्ध झालं, की आलीच. ढास लागते आजोबांना आणि जागरण घडतं घराला. डॉक्टर मात्र एवढं ऐकून एकच विचारतात, "कोरडा की ओला?" आपल्या राज्यात ही चौकशी दोघांचीच होते, खोकल्याची आणि दुष्काळाची.

व्याकरणही मजेचं आहे. तब्येत बरी असते तोवर आपण श्वास घेतो, सोडतो, रोखून धरतो. कर्तेपण आपल्याकडे असतं. लिफ्ट बंद पडली की 'मी' जाऊन 'मला' येतं: मला दम लागतो, मला धाप लागते. नाक चोंदतं, छाती भरते, घसा तर कोणाला न विचारता बसून घेतो. चरकसंहितेत श्वासाच्या विकाराचे पाच प्रकार आहेत: महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक आणि क्षुद्र. तमक म्हणजे साधारण आपला दमा. श्रमाने लागतो आणि जरा टेकलं की थांबतो, तो क्षुद्र. चार जिने घाम गाळत चढून यायचं आणि पदरात काय, तर क्षुद्र!

पण हीच बोलघेवडी भाषा आजाराचं नाव घ्यायची वेळ आली की आवंढा गिळते. "दमा नाही हो, थोडं व्हीझिंग आहे." "ॲलर्जीचा खोकला आहे, हवा बदलली की होतो." घरात लग्नाची मुलगी असेल तर व्हीझिंगसुद्धा नसतं, 'थंडी सोसत नाही' एवढंच असतं. इनहेलरला आपण पंप म्हणतो, आणि तो घ्यायला मोरीत जाऊन दार लावतो. विहिरीवरचा पंप किती हॉर्सपॉवरचा हे गावभर सांगणारा माणूस खिशातल्या पंपाचं नाव काढत नाही. एकदा लागला की सुटत नाही म्हणे. खरं तर साल्बुटामॉलची गोळी 2 किंवा 4 मिलिग्रॅमची असते आणि पंपाच्या एका दाबात तेच औषध 100 मायक्रोग्रॅम येतं, तेही थेट श्वासनलिकेत. म्हणजे छोट्या गोळीचा विसावा हिस्सा. तरी गोळी सोज्ज्वळ आणि पंप व्यसनी!

लपवाछपवी फक्त पेशंटच करतात असं मात्र नाही. 1816 साली पॅरिसमध्ये रने लाएनेक या डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. आत ऐकू येणाऱ्या आवाजांना त्यांनी 'राल' म्हटलं. पंचाईत अशी, की फ्रेंच लोक हा शब्द मरणाऱ्याच्या घशातल्या आवाजासाठी वापरत. तो कानावर पडताच खाटेवरचा माणूस हबकायचा. म्हणून लाएनेक रुग्णासमोर लॅटिनमधला 'रॉन्कस' वापरत. त्यांची अडचण आपल्याला चटकन कळावी. बाळाच्या छातीत घरघर होते ती वेगळी, आणि साखर कारखान्याला लागते ती वेगळी.

आपल्या डॉक्टरांचा रॉन्कस म्हणजे 'कॉक्स'. 1882 मध्ये क्षयाचा जंतू जगासमोर मांडणाऱ्या रॉबर्ट कॉख यांच्या नावावरून टीबीला पडलेलं हे टोपणनाव. कागदावर कॉक्स, आपसात बोलताना कॉक्स. हेतू चांगलाच असतो. पण सहा महिन्यांच्या गोळ्यांची पिशवी घेऊन नातेवाईक बाहेर येतो आणि गावाकडे फोन लावतो: "रिपोर्ट आला, काका. कॉक्स निघालंय. नशीब, टीबी नाही."